आपला व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही

एटीएममधून बाहेर पडणाऱ्या माणसाला, तो कोण, कुठला, काही ठाऊक नसताना, आपण बेधडक विचारतो, "निघतायत का?" काय निघतंय ते सांगावं लागत नाही. उत्तरही तेवढंच आखूड. "पाचशेच्याच आहेत." "निघतायत, पण स्लिप येत नाही." किंवा नुसती मान हलवून, "स्टँडसमोरचं बघा." आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर कोण राहतं हे मला आजही धड सांगता येणार नाही, पण एटीएमच्या पायरीवर अख्खा सातारा घडीभर एकमेकांच्या ओळखीचा असतो.

आत गेलं की ही ओळख संपते. एसी चालू असेल तर गारठा, बंद असेल तर कोंदट वास, कोपऱ्यात स्लिपांनी ओसंडणारी बादली आणि समोर तो पडदा. कार्ड घातलं की 'कृपया प्रतीक्षा करा'. मग 'कार्ड वाचता येत नाही'. मग आपण कार्ड काढून कुर्त्याला पुसतो, फुंकर मारतो, पुन्हा घालतो. पुसण्याने कार्ड चालतं असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे आणि कार्डावरची चिप मळलेली असेल तर ते खोटंही नाही. पण बहुतेकांचं घोडं दुसरीकडेच पेंड खातं. जुनी काळ्या पट्टीची कार्डं घालून लगेच काढायची असत, ती सवय हातातून जात नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत ती कार्डं बदलून चिपची द्यायला लावली. चिपच्या कार्डाशी मशीनला शेवटपर्यंत बोलावं लागतं, म्हणून पुष्कळ मशीनं कार्ड आत धरून ठेवतात. मशीन धरतं, माणूस ओढतो. "माझं कार्ड गिळलं!" ही बोंब त्यातूनच उठते.

माझ्या बाबतीत मशीनने कार्ड नीट वाचलं, पिन नीट घेतला, आतमध्ये नोटा मोजल्याचा तो फर्रर्र आवाजही केला. तो आवाज आला की हात आपोआप पुढे जातो. माझाही गेला. पण झडप उघडलीच नाही. पडद्यावर उमटलं, 'क्षमस्व, आपला व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही', कार्ड बाहेर आलं आणि पर्समधला फोन थरथरला. खात्यातून दहा हजार वजा. स्लिप अर्थातच नाही.

अशा वेळी माणूस काय करतो ते बघण्यासारखं असतं. मी झडपेला नखाने टोकरून पाहिलं. मशीनच्या पोटावर एक हलकी थाप मारली. मेसेज पुन्हा वाचला, की एखादं शून्य कमी निघेल. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करत होता आणि मला जागा सोडवत नव्हती. न जाणो, मी गेले आणि मशीनला उपरती होऊन नोटा त्याच्या हातात पडल्या तर? हे वेड वाटेल, पण अगदीच निराधार नाही. झडपेच्या आतून पट्टी बसवून नोटा तिथेच अडकवायच्या, गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं की येऊन पट्टीसकट काढून न्यायच्या, अशी चोरी होते. तेव्हा झडप हलवून बघणारी बाई दिसली तर तिला हसू नये.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेत. माझी कहाणी ऐकताना त्यांचा चेहरा असा खुलला की मला रागच आला.

"स्लिप नाही आली ना? मग उत्तम," काका म्हणाले. "मशीनला माहितीये की गडबड झालीय."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवून टीपॉयवर बोटाने चार चौकोन काढले. मशीनच्या पोटात नोटांच्या पेट्या असतात, साधारण चार. वर एक निराळा कप्पा. दोन नोटा चिकटून आल्या, एखादी दुमडलेली निघाली की मशीन ती गिऱ्हाइकाला देत नाही, त्या कप्प्यात टाकतं. इकडे मशीन नोटा मोजत असताना तिकडे बँकेने खात्यातून रक्कम वजा केलेलीच असते. नोटा बाहेर पडल्या नाहीत तर मशीनने 'दिले नाहीत, परत जमा करा' असा निरोप धाडायचा. नेमकी तेव्हाच लाइन गेली की निरोप वाटेत राहतो. मशीन स्वतःच्या वहीत मात्र सगळं लिहून ठेवतं. नंतर मोजदाद होते, तेव्हा पेटीत जास्तीचे दहा हजार सापडतात, आणि ते कुणाचे हे वहीत असतं.

"चोर वही ठेवतो का?" काकांनी विचारलं. "मशीनच्या चुकीला घाबरायचं नाही. तक्रार नोंदवून नंबर घे आणि गप्प बस."

गप्प बसवत नव्हतंच, म्हणून मी नियम वाचले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेलं एक परिपत्रक आहे. पैसे न मिळता खात्यातून गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ते आपणहून परत करायचे. त्याहून उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकाने मागायची वाट न बघता. हे कळल्यावर घरातलं वातावरणच पालटलं. नवरा रोज सकाळी "आले का?" असं विचारायचा आणि "नाही" म्हटलं की चक्क समाधानाने पेपर उघडायचा. पण बँकेने आमची निराशा केली. मुदतीच्या आत दहा हजार गुपचूप परत.

आईला मात्र हे काही पटलं नाही. तिच्या लेखी एटीएममध्ये जे काही घडतं ते 'हॅक'. लाइन गेली, हॅक. रोख संपली, हॅक. 'कार्ड वाचता येत नाही' असं आलं तर तिचं म्हणणं, "याला वाचता येत नाही म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचलंय." तिचं कार्ड कपाटात, स्टीलच्या डब्यात, त्यावर साड्यांची चळत. पेन्शनच्या तारखेला डबा निघतो, कार्ड बघितलं जातं आणि परत आत जातं.

तिला दोष तरी कसा द्यावा? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तिने पेपरातून शब्दन् शब्द वाचलंय. ऑगस्ट २०१८, एक शनिवार. बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी मध्येच, पैसे द्यायला बँकेच्या वतीने 'हो' म्हणणारी आपली खोटी यंत्रणा बसवली आणि बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत राहिल्या. परदेशी खात्यात वळवलेली रक्कम धरून एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. ठेवीदारांच्या खात्याला धक्का लागला नाही असं बँकेने तेव्हाच सांगितलं होतं, पण हे वाक्य आईच्या लक्षात नाही. तिला २८ देश लक्षात आहेत.

शिवाय तिचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. कार्ड घालण्याआधी 'कॅन्सल' दोनदा दाबा म्हणजे पिन चोरीला जात नाही, हे तिथूनच आलं. सरकारी पत्रसूचना कार्यालयाने ते खोटं असल्याचं जाहीर केलं, त्यालाही आता वर्षं झाली. तरी आजही मी रांगेत असताना पुढचा माणूस भक्तिभावाने 'कॅन्सल' दाबतो. दोनदा. दुसरा एक मेसेज आहे तो तर अमर आहे. चोराने एटीएममध्ये गाठलं तर पिन उलटा टाका, पैसे मिळतील आणि पोलीसही येतील. ज्याचा पिन १२२१ आहे त्याच्यासाठी पोलीस दर महिन्याला येतात का, असं मी एकदा ग्रुपवर विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. एका मावशींनी फुलांचा फोटो टाकला.

हे चार आकडे तरी कुठून आले? लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ला पहिलं रोख देणारं मशीन बसवलं. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन, जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडी पिन होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतात. झालं, चार ठरले. आपल्या देशात पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत आलं, तेही परदेशी बँकेचंच. इतकी वर्षं लोटली, तरी ते चार आकडे म्हणजे निम्म्या घरांत थोरल्या मुलाचं जन्मसाल असतं.

आणि पुष्कळांना चारही लक्षात राहत नाहीत. पोवई नाक्यावर एकदा एक आजोबा भेटले. रांगेत माझ्या मागे होते. माझं काम झालं तशी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिची रबरबँड सोडली आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. सोबत वहीचा एक चतकोर, त्यावर निळ्या शाईत पिन.

"ताई, पाच हजार काढून द्या की."

कार्डाची अदलाबदल करणारे भामटे हुडकत असतात ते हेच गिऱ्हाईक. पद्धत सगळीकडे सारखीच. गोड बोलायचं, "बाबा, थांबा, मी काढून देतो" म्हणायचं, पिन बघायचा आणि परत देताना त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड हातात ठेवायचं. तंत्रज्ञान शून्य. लागते ती फक्त आर्जवी जीभ.

मी काय करणार होते? 'अनोळखी व्यक्तीची मदत घेऊ नका' असं भिंतीवर लिहिलेलं होतं आणि त्या वाक्यातली अनोळखी व्यक्ती मी होते. आधी माझं कार्ड पर्समध्ये टाकून चेन लावली. मग म्हटलं, "आजोबा, कार्ड तुम्हीच घाला. मी सांगते तसं दाबा." वॉचमन दारात येऊन उभा राहिला. वर कॅमेरा. एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरून वाकून बोट दाखवणारी बाई त्यात कशी दिसत असेल, या विचाराने मी दोन पावलं मागे सरकले. तर आजोबांना ऐकू येईना. मग मी मोठ्याने बोलायला लागले, तर पिनचा चतकोर बघून आकडेच मोठ्याने वाचले जातील अशी भीती. आजोबांचा अंगठा एकेका बटणावर ठाम बसायचा आणि उठायचाच नाही. शेवटचा आकडा येईपर्यंत मशीनचा धीर सुटला. 'आपल्याला आणखी वेळ हवा आहे का?' आजोबा म्हणाले, "हवाय तर!" पण मशीनला बटण हवं होतं.

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला जमलं. त्यांनी थुंकी लावून नोटा मोजल्या, परत मोजल्या, कार्ड निरखलं आणि ते त्याच पिशवीत, त्याच चतकोराला लावून ठेवलं.

"ही चिठ्ठी कार्डासोबत ठेवू नका," मी म्हटलं.

"मग सापडायची कशी?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. नियम आहेत, चांगलेही आहेत. आपली चूक नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर तोशीस आपल्यावर नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच लिहून दिलंय. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर तातडीने फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. पण पिन आपणच कुणाला दिला असेल, तर कळवीपर्यंत गेलेले पैसे आपले गेले. म्हणजे सगळी भिस्त मुळात शंका येण्यावर. ज्याच्या हातात रंगाने तसंच दिसणारं कार्ड आहे, त्याला शंका येणार ती पुढच्या महिन्यात पैसे काढायला गेल्यावर. काका म्हणतात ते बरोबर आहे, मशीन वही ठेवतं. पण भामट्याने खऱ्या कार्डाने, खऱ्या पिनने पैसे काढले तर त्या वहीत सगळं बिनचूकच दिसतं.

हे मी आईला सांगायला नको होतं असं आता घरात सर्वांचं मत आहे. तिने डबाच बंद केला. पेन्शन आली की रिक्षा करून शाखेत जायचं, पैसे काढायची स्लिप भरायची, काउंटरवर मोजून घ्यायचे. मागच्या महिन्यात मी बरोबर गेले. पोरगेल्या कॅशियरने स्लिप उलटसुलट पाहिली.

"आजी, एवढ्या रकमेसाठी आत कशाला आलात? बाहेर मशीन आहे की."

"चालू आहे का ते?" आईने विचारलं.

त्याने मागे वळून शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "नाही साहेब, सकाळपासून बंद आहे. इंजिनिअर यायचाय."