मन लागत नाही, तरीही

पूजेला बसले की मन लागत नाही, जप करताना बाजारातून काय आणायचे ते आठवते, आरतीच्या वेळी डोळे मिटले तरी आत काहीच हलत नाही, आणि मग अशा कोरड्या मनाने देवापुढे बसणे ही देवाची फसवणूकच नाही का, असा प्रश्न अलीकडे मला पुष्कळ जणांकडून ऐकायला मिळतो. विचारणारे बहुतेक सगळे प्रामाणिक असतात. त्यांना देव नको असतो असे मुळीच नाही. उलट भक्तीविषयी त्यांनी जे ऐकलेले असते, गोपींची तन्मयता, मीराबाईंचे वेडावून जाणे, वाळवंटात कीर्तनाच्या रंगी नाचणारे नामदेव, ते इतके उंचीवरचे असते की आपल्या देवघरातली रोजची दहा-पंधरा मिनिटे त्यापुढे खोटी वाटू लागतात. मग पुष्कळ जण नेम सोडून देतात आणि मनात प्रेम उपजले की पुन्हा सुरुवात करू असे ठरवतात. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी प्रेम आणि मागाहून नेम, असे फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांच्या बाबतीत नेमच, आपल्या नकळत, प्रेमाला घरात जागा करून देत असतो.

हे माझे मत नुसत्या अनुभवावर उभे नाही. गीतेचा बारावा अध्याय भक्तियोगाचा, अवघ्या वीस श्लोकांचा. त्यात भगवंत अर्जुनाला आधी सर्वांत मोठी गोष्ट सांगतात, की मन माझ्याच ठायी ठेव आणि बुद्धी माझ्यातच स्थिर कर. पण लगेच पुढच्या श्लोकात, अर्जुनाने काही विचारलेले नसताना, ते स्वतःहून एक पायरी खाली येतात आणि म्हणतात, की चित्त माझ्यात स्थिर करणे तुला जमत नसेल तर अभ्यासाने मला मिळवण्याची इच्छा धर. अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्मे कर. तेही झेपत नसेल तर निदान कर्मांची फळे सोडून दे. हे चार श्लोक मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला त्यातला जिव्हाळा जाणवतो. ज्याचे मन लागत नाही त्याला येथे कोणी दारातून परत पाठवलेले नाही. मन न लागणे हे या मार्गात गृहीतच धरलेले आहे आणि त्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे.

ज्ञानेश्वर महाराज या ठिकाणी काय सांगतात ते तर प्रत्येक नेमकऱ्याने पाठ करून ठेवावे असे आहे. संपूर्ण चित्त देता येत नसेल तर काय करावे, याचे उत्तर ते असे देतात: ‘तरी गा ऐसें करीं । यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय ॥’ दिवसाच्या आठ प्रहरांतून फक्त एक निमिष मागितलेले आहे. मग त्या निमिषात जेवढे सुख दिसेल, तेवढीच विषयांविषयी अरुची उत्पन्न होईल, आणि शरद ऋतू लागला की नदी जशी ओसरू लागते तसे चित्त प्रपंचातून निघू लागेल, असे ते पुढे म्हणतात. गोदाकाठी राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. श्रावण-भाद्रपदात नाशिकला गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढलेले पाणी पुढे दिवसागणिक उतरत जाते. आज किती उतरले ते काठावर उभे राहून कळत नाही, पण एके दिवशी पायऱ्या दिसू लागलेल्या असतात. ज्ञानेश्वरांना हे सांगण्याचा अधिकार ज्यांनी दिला ते निवृत्तिनाथ आमच्या नाशिक जिल्ह्यातच, त्र्यंबकेश्वरला समाधिस्थ आहेत. ब्रह्मगिरीच्या परिसरात गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला आणि नाथपंथाच्या कठोर योगमार्गातून कृष्णभक्तीची ही वाट महाराष्ट्राकडे आली, अशी वारकरी परंपरा आहे. पौष महिन्यात ऐन थंडीत त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या पाहिल्या की मला नेहमी वाटते, की त्यांतल्या प्रत्येकाचे मन प्रत्येक पावलावर लागलेले असेल असे नाही. पण पाऊल मात्र पडत असते.

नाशिकमध्ये नेमाची याहूनही जवळची खूण आहे ती टाकळीला. आज आगर टाकळी शहरातच मोडते आणि तिच्या कडेने वाहणाऱ्या नंदिनीला सगळे नासर्डी म्हणतात. समर्थ रामदास इ. स. १६२० मध्ये, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी येथे आले आणि १६३२ पर्यंत, म्हणजे पुरे एक तप, येथे राहिले. पहाटे उठून नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर पाण्यात उभे राहायचे, माध्यान्हापर्यंत गायत्री आणि ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राचा जप करायचा, मग पंचवटीत जाऊन माधुकरी मागायची, असा त्यांचा दिनक्रम परंपरेने सांगितला जातो. तेरा कोटी जपाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली आहे, आणि आपण त्या आकड्यानेच दिपून जातो. मला मात्र त्या आकड्यापेक्षा त्या मुलाच्या सकाळी दिसतात. बारा वर्षांचा मुलगा, पौषातली पहाट, कमरेइतके थंडगार पाणी. त्यातल्या किती सकाळी त्याला उत्कट वाटले असेल आणि किती सकाळी नुसते पाय बधिर झाले असतील, याची नोंद कोणीही ठेवलेली नाही. नोंद राहिली ती तो रोज उभा राहिला याची.

पुढे याच समर्थांनी मनाला समजावण्यासाठी दोनशे पाच श्लोक लिहिले, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें’ असे म्हणण्याची वेळ कोणावर येते? ज्याला मन आपणहून तिकडे जात नाही हे ठाऊक आहे, त्याच्यावर. एक तप पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाने मनाला इतक्या वेळा, इतक्या परींनी, कधी गोंजारत आणि कधी दटावत विनवावे, यात आपल्यासारख्यांना केवढा तरी धीर आहे.

आता नेमातून प्रेम उपजते हे ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतो. कारण नुसती सवयही असू शकते, आणि सवयीला भक्ती म्हणून मिरवणे हेही बरे नव्हे. येथे मला नारदांच्या भक्तिसूत्रांचा आधार वाटतो. चौऱ्याऐंशी सूत्रांच्या त्या लहानशा ग्रंथात भक्तीला परमप्रेमरूप म्हटले आहे, आणि तिची लक्षणे सांगताना पराशरपुत्र व्यास, गर्ग, शांडिल्य यांची मते दिल्यावर नारद आपले मत देतात, ते असे, की सर्व आचरण त्याला अर्पण करणे आणि त्याचा विसर पडला असता अत्यंत व्याकूळ होणे म्हणजे भक्ती. पूजेच्या वेळी काय वाटले, हे नारद विचारत नाहीत. विसर पडला तेव्हा काय झाले, ते विचारतात.

याचा अर्थ मला माझ्या सासूबाईंमुळे कळला. आमच्या घरची रोजची पूजा त्या करायच्या आणि ती पाहून कोणाला भक्तिभावाची आठवण झाली नसती. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत, दुसरीकडे दूधवाल्याशी बोलत त्या ताम्हनात देव घ्यायच्या. सप्तशृंगीचा आणि खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण. पाणी घालायचे, मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसायचे, सहाणेवर चार वळसे देऊन गंध उगाळायचे, फुले वाहायची, निरांजन ओवाळायचे, आणि पदर सावरत पुन्हा ओट्याशी. आरतीत त्यांचे डोळे भरून आलेले मी कधी पाहिले नाहीत. देवाविषयी त्या कधी काही बोलतही नसत. एका डिसेंबरात त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी, भूल पुरती उतरलेली नसताना, त्यांनी मला पाहून विचारलेला पहिला प्रश्न होता, “देव पारोसे तर नाहीत ना?” मी सांगितले की यांनी पूजा केली आहे. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. बाळकृष्णाला कोमट पाणी घेतले होते का, या दिवसांत त्याला गार पाणी घालायचे नसते, टाक पुसताना कडेला ओल राहते ती नीट टिपली का, आणि नैवेद्याची वाटी झाकली होती की नाही, हे सगळे त्यांनी एकेक करून विचारले आणि मग त्या रडू लागल्या. खुब्याच्या वेदनेने त्या तोपर्यंत रडल्या नव्हत्या.

इतकी वर्षे मी ज्याला घाईघाईने उरकलेले काम समजत होते, त्याच्या खाली हे साठत आलेले होते. त्यांनाही ते आधी ठाऊक असेल असे मला वाटत नाही. रोज हातून घडणारी ती सेवा खंडित झाली तेव्हाच ते वर आले. तुकोबांनी सासरी जाणाऱ्या लेकीचा दाखला दिला आहे: ‘कन्या सासुर्‍यासी जाये । मागें परतोनी पाहे ॥ तैसें जालें माझ्या जिवा । केव्हां भेटसी केशवा ॥’ लेक माहेरी असते तोवर आपले माहेरावर किती प्रेम आहे ते रोज बोलून दाखवीत नाही.

याच संदर्भात रामनवमीनंतरच्या रथोत्सवाचा उल्लेख केल्यावाचून नाशिककराला पुढे जाता येणार नाही. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. पुढे ढोल, लेझीम, गुलाल, दोर ओढणाऱ्या तरुणांचा घोष, आणि रथासमोर पुजारी घराण्यातले त्या वर्षीचे मानकरी, ज्यांना सगळे बुवा म्हणतात, हात जोडून, रामाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत असतात. देवाकडे पाठ होऊ द्यायची नाही, एवढाच तो नेम. पण रस्ता पाठीमागे आहे आणि तो दिसत नाही. चढ-उतार, वळणे, गर्दी, हे सगळे मागून सांगणाऱ्यांच्या आवाजावर आणि पावलांच्या अंदाजावर सोपवलेले आहे. एकदा मी रथाच्या अगदी जवळून चालत होते आणि त्या वेळी बुवांच्या टाचांकडे माझे लक्ष गेले. प्रत्येक पाऊल मागे टाकताना आधी टाच जमीन चाचपत होती, मग भार पडत होता. नजर मात्र वर, मूर्तीवर. नेम आणि प्रेम यांना वेगवेगळे करायचे ठरवले, तर त्या चालण्यातले नेमके काय कोणत्या बाजूला ठेवायचे, हे मला सांगता येणार नाही.

मात्र याच मंदिराच्या दाराशी नेमाची दुसरी बाजूही घडली आहे, आणि नेमाची थोरवी सांगणाऱ्याने ती झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष काळाराम मंदिरासमोर सत्याग्रहाला उभे राहिले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी हा लढा सुमारे पाच वर्षे चालवला, आणि तरीही त्या काळात ते दार उघडले नाही. बाबासाहेबांच्या दृष्टीने तो माणूस म्हणून समान हक्क मिळवण्याचा लढा होता, आणि त्याला केवळ देवदर्शनाची ओढ म्हणणे म्हणजे त्याचा अर्थ उणा करणे होईल. परंतु दार लावून घेणारे मात्र आपण भक्त आहोत, देवाचे सोवळे राखतो आहोत, असेच समजत होते. त्यांचे नेम चुकले नव्हते. स्नान, पूजा, आरत्या वेळेवर होत होत्या. ज्याच्या नेमातून प्रेम वाढते त्याच्या मनात दुसऱ्यासाठी जागा वाढायला हवी, आणि ती आक्रसत चालली असेल तर त्या नेमाची फेरतपासणी केलीच पाहिजे, असे मला या इतिहासामुळे फार कळकळीने वाटते. बाराव्या अध्यायातच भक्ताची लक्षणे सांगताना पहिले लक्षण ‘अद्वेष्टा सर्वभूतानाम्’ हे दिलेले आहे; पूजेच्या उपचारांचा तेथे उल्लेखही नाही.

म्हणून कोणी मला विचारले की नेम कोणता धरावा, तर मी लहानात लहान धरावा असे सांगते. मोठे संकल्प उत्साहाच्या भरात होतात आणि तो भर ओसरला की त्यांचे ओझे वाटू लागते. तेरा अक्षरी मंत्राची एक माळ पाच-सात मिनिटांत होते. प्रवासात, आजारपणात, सोयर-सुतकात पूजा घडत नसेल तर मानसपूजेची वाट आपल्या परंपरेने मोकळी ठेवलेली आहे. सासूबाईंनी अंथरुणावरचे ते दिवस तशीच पूजा केली आणि घरी आल्यावर खुर्चीवर बसून गंध उगाळण्याचे काम पुन्हा आपल्याकडे घेतले, स्नान घालण्याचे यांच्याकडे राहू दिले. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट जप करून हिशेब पुरा करू नये, कारण हिशेब सुरू झाला की लक्ष देवावरून आकड्यावर जाते. ज्यांना आरंभासाठी मुहूर्त हवा असेल त्यांच्यासाठी चैत्र शुद्ध प्रतिपदा चांगली. त्या दिवसापासून काळारामाचे वासंतिक नवरात्र बसते आणि आजूबाजूला सगळीकडे रामनाम चालू असल्यामुळे नवख्यालाही आधार मिळतो. त्या नऊ दिवसांत मन लागले की नाही हे रोज पाहू नये. दशमीला माळ पुन्हा हातात घ्यावी आणि एकादशीला रथ पाहायला पंचवटीत यावे.