फरशीवरचे तीन तास

सोलापुरात घर बांधणारा माणूस मे महिना डोळ्यांपुढे ठेवूनच बांधतो. आमच्या जुन्या घरातही जाड भिंती, उंच छत, खाली शहाबादी फरशी आणि अंगणापलीकडे न्हाणीघर आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला की ही फरशी सुख देते. डिसेंबरच्या पहाटे तीच फरशी म्हाताऱ्या माणसाच्या अंगातली ऊब किती वेगाने शोषून घेते, हे मात्र आम्हाला सासूबाई पडल्या तेव्हा कळले.

त्यांचे वय ८१ असून मधुमेह जुना आहे. त्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास त्या लघवीसाठी उठल्या आणि खोलीच्या उंबऱ्यापाशी घसरल्या. सहा वाजता मी उठले, तेव्हा त्या कुशीवर तशाच पडून होत्या. लुगडे ओले झाले होते, पण अंगाला थरथर अजिबात नव्हती. "आई, हाक का नाही मारलीत?" असे विचारल्यावर जड जिभेने त्या एवढेच म्हणाल्या, "तुमची झोप कशाला मोडायची गं." हात गार होतेच, पण पोटाला हात लावला तर तेही गार लागले, आणि मग मी घाबरले. थर्मामीटरवर ९४.६ आकडा आला. ताप मोजायलाच थर्मामीटर काढायची सवय असलेल्या मला, ९५ फॅरनहाइटच्या खालचा आकडा तापाइतकाच गंभीर असतो, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितले.

१०८ ला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही डॉक्टर सांगतील तसे करत गेलो. खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता असल्यामुळे त्यांना बखोटीला धरून उठवले नाही. हळूच घडीची चादर अंगाखाली सरकवली, ओले लुगडे काढून कोरड्या चादरींत गुंडाळले आणि डोक्याला कानटोपी घातली. हातपाय चोळायचे नाहीत, गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकायचे नाहीत, असे त्यांनी बजावले होते, कारण मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असते आणि चटका बसलेला कळत नाही. साखर उतरली तरी जीभ अशीच जड होते, म्हणून तीही तपासली. ती ठीक निघाली. सुदैवाने हाड मोडले नव्हते आणि दोन दिवसांत त्या घरी आल्या.

त्यानंतर आम्ही घराची मांडणी बदलली. खाटेपासून दारापर्यंत सतरंजी अंथरून तिच्या कडा पक्क्या बसवल्या, रात्रभर झिरोचा दिवा ठेवला आणि खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणली. त्यांची आवडती वाकळ इतकी जड होती की त्यांना कूस बदलता येत नसे. तिच्याऐवजी दोन सोलापुरी चादरी एकावर एक दिल्या, कारण दोन थरांमधली हवाच ऊब धरून ठेवते. साधे पायमोजे शहाबादीवर घसरतात, म्हणून तळाला रबराचे ठिपके असलेले घेतले. शेजारच्या काकूंनी मायेने कोळशाची शेगडी देऊ केली, पण बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, तेव्हा ती मी नम्रपणे नाकारली.

सर्वांत अवघड होते ते पहाटे पाचची अंघोळ सोडवणे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, हे डॉक्टरांनी समजावूनही त्यांचे उत्तर एकच असे, "पारोशा अंगाने पूजा करू का?" शेवटी पूजाच अकरा वाजता, अंगणात ऊन आल्यावर करायचे ठरले.

उशाशी बिनतारी घंटीही लावली होती. पहिला आठवडा त्यांनी ती एकदाही वाजवली नाही. मग एका रात्री मी खाटेवर बसून सांगितले, "आई, घंटी वाजत नाही म्हणून मलाच झोप लागत नाही. दर तासाला उठून बघून जाते मी." त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी रात्री अडीचला घंटी वाजली. मी धावत गेले, तर त्यांना फक्त पाणी हवे होते.

जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांची गड्ड्याची जत्रा आली. संक्रांतीच्या रात्रीचा होम त्यांनी आपणहून सोडला, पण भोगीच्या दुपारी, स्वेटर आणि शाल घालून, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला मात्र त्या आल्या. पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीत खुर्चीवर बसून त्यांनी नंदीध्वजांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्यांवर, अक्षता टाकल्या, तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. तो उबदार होता.