शीआनच्या शिळांपुढे

टूर लीडरच्या नोकरीत चीनमधलं शीआन म्हणजे टेराकोटाचे सैनिक. बेइलिन हे शिलालेखांचं संग्रहालय बहुतेक ग्रुपना ‘नुसते दगड’ वाटतं, त्यामुळे मीही ते पटकन उरकते. त्या दुपारी मात्र संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई पहिल्याच दालनात अडून बसल्या.

समोर काइछंग शिळा होत्या. इ.स. ८३७ मध्ये थांग घराण्याच्या दरबाराने बारा पूज्य ग्रंथ ११४ शिळांवर कोरून पुरे केले. अभ्यासकांपुढे एकच शुद्ध पाठ असावा, हा हेतू. त्या बारांत ‘अर्या’ हा शब्दकोशही आहे, इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा.

“कोश? पूज्य ग्रंथांच्या पंगतीला?” बाई म्हणाल्या, “आणि वर्णमालाच नाही, तर शब्द शोधायचा कसा गं?”

“विषय बघून, बाई.” जुन्या काव्यांतले शब्द पुढच्या पिढ्यांना कळेनासे झाले, तसे त्यांचे अर्थ गोळा होत गेले. एकोणीस प्रकरणं: नातीगोती, घर, भांडी, आकाश, डोंगर, झाडं, किडे, मासे, शेवटी पाळीव जनावरं. पहिली नोंद मी काचेवरून बोटाने दाखवली. आधी अकरा शब्दांची रांग, मग एकच निकाल: या सगळ्यांचा अर्थ ‘आरंभ’.

“अमरकोशच की! वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग... पण हे श्लोकात नाही, मग पोरं पाठ काय करायची?”

पाठांतराला वेगळी पुस्तकं होती. छिन राजवटीतल्या ली सी या मंत्र्याच्या नावावरचं ‘त्सांगज्ये’ त्यातलंच. त्यानंतरच्या हान काळातल्या शिक्षकांनी त्याचे साठ-साठ अक्षरांचे ५५ धडे पाडले, चार-चार अक्षरांच्या ओळींत, यमकासकट.

“मॅडम, बस!” मागून हाक आली. पण हान काळातला अक्षरकोशकार शू शन सांगितल्याशिवाय मला निघवेना. माझा जीव त्याच्यावर. अक्षरांची मनमानी फोड करून लोक कायद्याचे अर्थ लावतात, यावर हा माणूस भडकला होता. त्याने ९,३५३ अक्षरं घटकांप्रमाणे ५४० गटांत लावली. इ.स. १०० मध्ये काम संपलं, बादशहापुढे गेलं १२१ मध्ये. तोवर तो आजारी होता, म्हणून मुलाने नेऊन दिलं.

बाईंना ‘अर्या’तल्या त्या पहिल्या नोंदीचा, शिळेवरून कागदावर घेतलेला ठसा हवा होता. दुकानात कन्फ्यूशियसचं चित्र होतं, कविता होत्या, ‘अर्या’ नव्हता. मग त्यांनी वहीच काढली. कुठली रेघ आधी, ते मी सांगत गेले आणि त्या अकराही शब्द उतरवून घेत राहिल्या.

डम्पलिंगच्या जेवणाला आम्ही उशिरा पोचलो. फीडबॅक फॉर्मवर तिघांनी ते लिहिलंच.