बसल्या जागी धावणारी भाषा

आपलं दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला वर्षानुवर्षं चालतो. नाटक चाललं तर चाललं, नाहीतर पडलं. सरकारही चालतंच, मग ते कुणाच्या का टेकूवर असेना. मराठीत या सगळ्याला चालण्याचा वेग पुरतो. इंग्रजाला तो कमी वाटतो, म्हणून तो यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘रन’ लावून मोकळा होतो. शिवाय नाक वाहिलं की रन, धुण्यात साडीचा रंग गेला की रन, अंगात ताप असला की ‘रनिंग अ टेम्परेचर’, करार तीन वर्षांचा असला तर तोही तीन वर्षं रन. टबात निवांत पडून आंघोळ करायची म्हणून पाणी सोडायचं, त्यालासुद्धा ‘रन अ बाथ’.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात सर्वाधिक अर्थांचा मान बरीच वर्षं ‘सेट’ या शब्दाकडे होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले होते. पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली आणि २०११ साली ‘रन’ पुढे गेला, क्रियापदाचे ६४५ अर्थ घेऊन. कोशकार पीटर गिलिव्हर यांना या एका शब्दाची मांडणी करायला नऊ महिने लागले. गिरण्या, आगगाड्या, मोटारी, संगणक असं जे जे नवं आलं ते ते चालू झालं की इंग्रजीत ते ‘रन’ होऊ लागलं, म्हणजे भर पडायला कारणही होतं.

पण मुळातली गंमत यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याकडे चालणं वेगळं, चालवणं वेगळं. पळणारा एक, पळवणारा दुसरा. मधला ‘व’ सांगतो की कर्ता स्वतः हलतोय की दुसऱ्याला हलवतोय. जुन्या इंग्रजीतही अशी दोन क्रियापदं होती, एक स्वतः धावण्याचं आणि एक धावायला लावण्याचं. काळाच्या ओघात दोन्ही एकमेकांत मिसळली आणि आजचा ‘रन’ उरला. म्हणून इंग्रजीत घोडाही रन करतो आणि खुर्चीवर बसून हॉटेलचा गल्ला सांभाळणारा मालकही ते हॉटेल रन करतो. वाहण्याचा अर्थही बाहेरून आलेला नाही. जर्मनमधल्या सख्ख्या भावंडांत ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे झिरपणं, वाहणं. नळ, नाक, नदी आणि साडीचा रंग हे सगळे या दुसऱ्या भावंडाच्या गोतावळ्यातले. मधुमेह ‘रन्स इन द फॅमिली’ असं इंग्रज म्हणतो तेव्हा तो घराण्यातून वाहत येतो. आपल्याकडे तो घराण्यात चालत येतो. पोचतो दोघांकडेही.

आता ज्यात भलेभले अडखळतात तो भाग, म्हणजे ‘रन’च्या मागे लागणारे अप, डाउन, आउट, ओव्हर. ‘शी रॅन अप अ हिल’ म्हणजे ती टेकडी धावत चढली. ‘शी रॅन अप अ बिल’ म्हणजे तिने उधारी वाढवून ठेवली. शब्दांची रचना हुबेहूब सारखी, पण आतला सांधा वेगळा. तो ओळखायची सोपी युक्ती अशी की, शेवटच्या नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहावं. टेकडीचं होतं ‘रॅन अप इट’, बिलाचं होतं ‘रॅन इट अप’. ‘इट’ मध्ये घुसू शकलं तर ‘रन अप’ हे जोडक्रियापद आहे, त्याचा अर्थ एकत्रच लावायचा. घुसलं नाही तर ‘अप’ हा टेकडीच्या बाजूचा, नुसती दिशा दाखवणारा. बोलतानाही फरक पडतो. जोडक्रियापद असलं की आघात ‘अप’वर येतो. त्याचंच नाम झालं, गोलंदाजाचा ‘रन-अप’ म्हणा, की आघात पुढे सरकून ‘रन’वर बसतो. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळं एका सुरात म्हणून जातो आणि ऐकणारा गोरा क्षणभर गोंधळतो.

‘रन आउट’ची अडचण निराळी. घरातलं दूध संपलं हे दोन प्रकारे सांगता येतं. दूध कर्ता असेल तर ‘द मिल्क हॅज रन आउट’, आपण कर्ता असू तर ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’. दुसऱ्यात ‘ऑफ’ हवाच. तो गाळला तर वाक्य लंगडतं, आणि ‘ऑफ मिल्क’ सगळंच गाळलं तर ‘आम्ही धावत बाहेर गेलो’ असाही अर्थ निघू शकतो. शिवाय ‘हॅज रॅन’ असं चारचौघांत सर्रास ऐकू येतं, ते चूक. रूपं तीन, रन-रॅन-रन, आणि ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’पुढे तिसरं येतं, जे पहिल्यासारखंच दिसतं.

‘रन इनटू’ला कर्म बघून अर्थ लावावा. मित्र असेल तर अचानक गाठ पडली, भिंत असेल तर आदळलो, आणि आकडा असेल तर खर्च लाखांच्या घरात गेला. ‘रन डाउन’ बॅटरीची असेल तर ती उतरली, शेजाऱ्याला उद्देशून असेल तर त्याची नालस्ती. ‘रन ओव्हर’ यादीवरून असेल तर एक नजर फिरवली. कुत्र्यावरून असेल तर पोलीस.

म्हणींमध्ये ‘रन द गॉन्टलेट’ सगळ्यांत फसवी. गॉन्टलेट म्हणजे लोखंडी हातमोजा, मग हातमोजा कसा धावणार? मूळ शब्द स्वीडिश, ‘गाटलोप’, म्हणजे गल्लीतली धाव. सैनिकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, प्रत्येकाच्या हातात काठी किंवा दोरखंड, आणि गुन्हेगाराने मधून फटके खात पळायचं. इंग्रजांच्या तोंडी शब्द बिघडला आणि आधीपासून ओळखीच्या हातमोज्याशी जाऊन चिकटला. आज मंत्रिमहोदय पत्रकारांच्या गराड्यातून वाट काढतात तेव्हा हीच म्हण वापरतात, फटके शाब्दिक असले तरी. ‘रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स’ला मात्र आपलं ‘दोन्ही डगरींवर हात’ अगदी चपखल बसतं, त्यासाठी सशामागे धावायची गरज नाही.

निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’. आपला उमेदवार ब्रिटिश वळणाचा, तोही उभाच राहतो. अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा जोडीदार ‘रनिंग मेट’, हा शब्द थेट घोड्यांच्या शर्यतीतून उचललेला. एकाच तबेल्यातला दुसरा घोडा, मुख्य घोड्याला वेग धरून द्यायला शर्यतीत उतरवलेला. उपाध्यक्षांनी याचा फार विचार करू नये.

क्रिकेटमध्ये तर धावेसाठी धावावंच लागतं असं नाही. चेंडू सीमापार गेला की फलंदाज बॅटवर रेलून उभा राहतो आणि चार धावा खात्यात जमा. धावलाच तर दोन यष्ट्यांमधलं अंतर २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. पण प्रत्येक टोकाची क्रीज यष्टीच्या चार फूट पुढे असते, म्हणून एका धावेला प्रत्यक्षात ५८ फूट पुरतात. वळताना बॅट रेषेपलीकडे टेकली नाही तर ती ‘शॉर्ट रन’, म्हणजे धाव काढूनही न मिळालेली. ‘धावबाद’ हा मराठी शब्द मात्र इंग्रजीपेक्षा सरस. बाद होण्याचं कारणच त्याने सांगून टाकलं.

इंग्रजीच्या संगतीने हळूहळू आपणही धावायला लागलो आहोतच. ‘गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे’ ही घोषणा फलाटावर ताटकळणाऱ्याने शांतपणे ऐकून घ्यायची असते. रेल्वेत चालक आणि गार्ड (२०२२पासून ‘ट्रेन मॅनेजर’) हे ‘रनिंग स्टाफ’. ड्युटी संपवून परगावी ते जिथे जेवतात आणि झोपतात, ती खोली ‘रनिंग रूम’.

आणि ‘रनिंग फूट’ तर घरात आलाय. स्वयंपाकाच्या ओट्याचा दर या मापात सांगितला तर फक्त लांबी मोजायची, रुंदी ठरलेली धरायची. सरळ ओट्याला प्रश्न नाही. काटकोनी ओट्याला आहे. दोन फूट रुंदीचा ओटा एका भिंतीला आठ फूट आणि दुसरीला सहा फूट असेल, तर भिंतींच्या बाजूने टेप लावून माप भरतं १४ रनिंग फूट, कारण कोपऱ्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी मोजला जातो. पुढच्या कडेने मोजलं तर दहाच. दगड मात्र लागतो २४ चौरस फूट, म्हणजे दोन फूट रुंदीने १२ रनिंग फुटांचा. तेव्हा दर ठरवतानाच कोपरा एकदा धरायचा की दोनदा, हे बोलून घ्यावं आणि कागदावर लिहून घ्यावं.