मिसरपर्यंतचा नाताळ

आमच्याकडे नाताळची चाहूल उसाच्या बैलगाड्यांनी लागायची. नगर जिल्ह्यातल्या प्रवरेच्या पट्ट्यात दिवाळी सरली की कारखान्यांची धुराडी पेटायची, बीड आणि पाथर्डीकडच्या टोळ्या यायच्या आणि आमच्या चर्चमागच्या पडीक रानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. पहाटे बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की आई म्हणायची, "चला, बाई आता पाठांतर घ्यायला लागतील."

बाई म्हणजे संडेस्कूलच्या बाई. आठवडाभर झेडपीच्या शाळेत शिकवायच्या आणि रविवारी आम्हाला. दरवर्षी 24 डिसेंबरच्या रात्री मंडळीचा कार्यक्रम असायचा, त्यात येशूजन्माचं नाटक. मंडळी म्हणजे आमचं चर्च, तिथली माणसं. तालमी सुरू व्हायच्या महिनाभर आधी. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूजन्माची गोष्ट, तोंडपाठ पाहिजे, एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. "त्यांना उतारशाळेत जागा नव्हती" ही ओळ मी इतक्या वेळा म्हटलीय, की अजूनही एसटी स्टँडवर मुक्कामाची वेळ आली की तीच आधी आठवते.

सजावटीचा खर्च जवळपास नसायचाच. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या जपून ठेवलेल्या असत, त्यांचाच पाच टोकांचा तारा व्हायचा. फराळही दिवाळीचाच, करंज्या आणि शंकरपाळी. केक मी पहिल्यांदा खाल्ला तो पुण्याला, कॉलेजात. मेंढपाळांच्या पोशाखाची तर चिंताच नव्हती, शेजारच्या धनगरांच्या घरून घोंगड्या यायच्या. त्या अंगावर घेतल्या की मेंढ्यांचा वास आपोआप सोबत यायचा. मागी लोक म्हणजे बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस भेट द्यायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी; त्यांचे मुकुट बेगडाचे. सोनं म्हणजे आईच्या पाटल्या, ऊद वाण्याकडचा खरा. गंधरस मात्र कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली चालायची.

गाणी पेटी, ढोलकी आणि टाळांवर. कवी ना. वा. टिळकांची पदं म्हटल्याशिवाय कार्यक्रम सुरूच होत नसे. टिळक कीर्तन-अभंगांच्या वातावरणात वाढलेले, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर बरीच वर्षं नगरला राहिले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगाच्या चालीवर आमच्या ओसरीत आणून बसवलं. आमचे आबा पेटी वाजवायचे. डोळे मिटून गाणारी ती जुनी माणसं पाहिली की येशू बेथलेहेमात जन्मला की बेलापूर रोडला, असा प्रश्न मला खरोखर पडायचा.

गव्हाण मात्र खरी असायची. बाईंचा हट्ट. पुठ्ठ्याची चालणार नाही. कुणाच्या तरी गोठ्यातून चार जण ती उचलून आणायचे, तिच्यात वाढे घालायचे, कारण गवतापेक्षा उसाचे वाढेच हाताशी. पंचांपैकी एकानं एकदा नाक मुरडलं, "बाई, निदान धुऊन तरी घ्या." बाई म्हणाल्या, "त्या रात्री कुणी धुतली होती?" पुढे कधीतरी वाचलं, की असिसीच्या फ्रान्सिसनंही 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी अशीच खरी गव्हाण, चारा, बैल आणि गाढव आणून नाताळची उपासना केली होती. बाईंना हे ठाऊक होतं का, कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.

एका वर्षी कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी मागच्या कोपीत एक बाई बाळंत झाली. पाचटाच्या भिंती, आत वारा शिरतोय, नवरा तिसऱ्या दिवशी पुन्हा फडावर. आमच्या आया फराळाचा डबा आणि जुन्या लुगड्यांची बाळंती घेऊन गेल्या. गडबडीत नाटकातल्या बाहुलीचं मऊ कापडही त्या गाठोड्यात गेलं. ऐन वेळी कळलं. मग आमचा बाळ येशू त्या वर्षी गोणपाटात गुंडाळलेला होता आणि मरिया झालेल्या मुलीला ते टोचत होतं म्हणून ती सारखी हात बदलत होती. पाळकसाहेबांनी उपदेश छोटा केला. एरवी तो लांबायचा.

पण मला सांगायचंय ते नाटकाच्या शेवटाबद्दल. हल्ली पाहते ती नाटकं मागी लोकांनी भेटी दिल्या की संपतात. सगळे ओळीत उभे, तारा लुकलुकतोय, सांताक्लॉज येऊन चॉकलेटं वाटतो. माझी नात त्या चॉकलेटांसाठीच जाते आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आमच्या बाई तिथे थांबत नसत. त्या मत्तयच्या शुभवर्तमानाचं पुढचं पान उलटायच्या. हेरोद राजा चिडतो, बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायचा हुकूम देतो आणि योसेफ रातोरात मरिया आणि बाळाला घेऊन मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, निघतो. दिवे मालवलेले, एक कंदील, पाठीवर गाठोडं. ते मांडवाच्या मधल्या वाटेनं, बसलेल्या माणसांमधून चालत बाहेर निघून जायचे. टाळ्या तेव्हा कुणी वाजवत नसे. मांडवाच्या कडेला उभं राहून पाहणारे ऊसतोड मजूर त्यांना वाट करून द्यायचे.

लहानपणी मला हा शेवट आवडत नसे. सणाच्या दिवशी असं कुठे असतं? देव माणसात राहायला आला, इम्मानुएल, एवढ्यावर थांबावं की. पण आमची मंडळी ज्या घरांतून आली होती, तिथल्या आज्या-पणज्यांना गावानं वेशीबाहेरच ठेवलं होतं. जागा नसणं आणि उठून जावं लागणं, हे त्यांना पाठांतरानं शिकावं लागलं नव्हतं. आबा त्याच वेळी पेटीचा भाता मिटायचे आणि चष्मा पुसायचे. मला वाटायचं, धूर गेला डोळ्यात.

एक वर्ष योसेफ माझा धाकटा भाऊ होता. वय दहा. बाईंनी त्याला सांगितलं होतं, मांडवातून बाहेर जायचं, मागे वळून पाहायचं नाही. मरिया फाटकापाशी थांबली, तिनं बाहुली त्याच्याकडे दिली आणि ती चपला शोधायला माघारी आली. कार्यक्रम संपला, प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या, बुंदी वाढून झाली, तरी योसेफाचा पत्ता नाही. कंदील घेऊन सगळे शोधायला निघाले. विहिरीपर्यंत जाऊन आले. शेवटी आई घरी गेली, तर हा घोंगडी पांघरून उंबऱ्याशी झोपलेला, बाहुली कुशीत. उठवून विचारलं, "अरे, इथं काय करतोस?"

"थांबायचं कुठं ते कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.