जॉर्ज टाउनमध्ये मुक्काम कुठे करावा

मलेशियाच्या पेनांग बेटावरील जॉर्ज टाउनमध्ये राहण्याची जागा ठरवताना हॉटेलला किती तारे आहेत यापेक्षा इमारतीची घडण कशी आहे आणि समोरची गल्ली रात्री कशी वागते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मलाक्कासह हे शहर 2008 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याआधी, 2000 साली, जुन्या घरांवरचे भाडेनियंत्रण उठल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी अनेक कुटुंबे बाहेर पडली होती, आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच घरांची छोटी हॉटेले झाली. त्यामुळे ‘हेरिटेज’ अशी पाटी लावलेल्या जागांना तोटा नाही. फरक आत गेल्यावर कळतो.

ही घरे मूळची दुकान-घरे, म्हणजे खाली धंदा आणि वर बिऱ्हाड. रस्त्याकडची बाजू अरुंद असते, पण घर मागे लांबवर पसरलेले असते आणि मधोमध उजेड-वाऱ्यासाठी, वाड्यातल्या चौकासारखी, आकाशाला उघडी जागा ठेवलेली असते. आमच्या हॉटेलात या जागेत दगडी कुंड होते आणि दुपारची सर आली की पाणी थेट त्यात कोसळत असे. हे पाहणे फार सुखाचे असले, तरी आमच्या खोलीची एकमेव खिडकी त्याच जागेवर उघडत होती, आणि पहाटे न्याहारीची तयारी सुरू झाली की कपबशांचा आवाज उशाशी आल्यासारखा ऐकू येई. मधल्या काही खोल्यांना तर खिडकीच नसते. म्हणून आरक्षण करतानाच खोली पुढची, मधली की मागची, आणि खिडकी कशावर उघडते, हे लेखी विचारून घ्यावे. पुढच्या खोलीत उजेड भरपूर असतो, पण रस्त्याचा आवाजही तितकाच येतो. झोप सावध असलेल्यांनी मागची खोली मागावी. वरचे मजले लाकडी असल्याने डोक्यावरच्या पाहुण्याचे प्रत्येक पाऊल ऐकू येते. जिने उभे असतात आणि लिफ्ट सहसा नसते. माझ्या आईसाठी आम्ही तळमजल्याची खोली आग्रहाने मागून घेतली होती, आणि ती मिळाली नसती तर सरळ गर्नी ड्राइव्हवरच्या एखाद्या उंच, नव्या हॉटेलात गेलो असतो. तिथे जुन्या शहराचा माहोल नाही, पण लिफ्ट, समुद्राचा वारा आणि जवळच मॉल आहेत.

गल्ल्यांविषयी सांगायचे तर लव्ह लेन आणि चुलिया स्ट्रीटचा तिला लागून असलेला भाग तरुण, पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्यांचा आहे. तिथल्या बारमधले संगीत उशिरापर्यंत चालते. तिथून चालत काही मिनिटांवरच्या मुंत्री स्ट्रीट आणि स्टुअर्ट लेनवर मात्र बरीच शांतता असते, आणि माझी पहिली पसंती त्यांनाच राहील. आर्मेनियन स्ट्रीटवर भित्तिचित्रांसमोर फोटो काढणाऱ्यांची दिवसभर रीघ लागते, पण संध्याकाळनंतर ती गल्ली रिकामी होते. त्यामुळे तिथे राहण्यास हरकत नाही.

शाकाहारी मंडळींनी लिटल इंडिया या भारतीय वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहावे, मात्र शक्यतो थेट तिथे राहू नये. रस्त्यावरच्या प्रसिद्ध नूडल्समध्ये डुकराची चरबी, सुकी कोळंबी किंवा माशाचा अर्क असण्याची शक्यता मोठी असल्याने इडली, डोसा, केळीच्या पानावरचा भात हाच रोजचा आधार होतो. चिनी बौद्ध पद्धतीची शाकाहारी भोजनालयेही शहरात आहेत आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांची अनेकदा तिथे सोय होते. लिटल इंडियातली दुकाने मात्र तमिळ गाणी कर्ण्यावर लावतात, आणि जवळच्या कपितान केलिंग मशिदीची पहाटेची अजानही ऐकू येते. 1833 सालचे मारियम्मन मंदिर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

समुद्रकिनाऱ्याच्या आशेने बाटू फेरिंगीला राहण्याचा मोह अनेकांना होतो. शहरातून 101 क्रमांकाची बस तिथे जाते, परंतु संध्याकाळच्या वाहतुकीत बराच वेळ मोडतो, आणि कोकणचे किनारे पाहिलेल्यांना तिथल्या पाण्याचे विशेष अप्रूप वाटेल असे मला वाटत नाही. जुने शहर पाहण्यासाठी येणाऱ्याने जुन्या शहरातच राहावे. खिसा परवानगी देत असेल, तर 1885 सालचे ईस्टर्न अँड ओरिएंटल हे समुद्राकाठचे हॉटेल त्याच टापूत आहे; सिंगापूरचे रॅफल्स हॉटेल काढणाऱ्या सार्कीस बंधूंनीच ते सुरू केले.

क्वालालंपूरहून रेल्वेने आल्यास समोरच्या मुख्य भूमीवरील बटरवर्थला उतरून फेरीबोटीने बेटावर यावे. धक्क्यापासून आर्मेनियन स्ट्रीट चालण्याजोगी आहे, पण सामान जड असेल तर ग्रॅब (मोबाइल अ‍ॅपवरून मिळणारी टॅक्सी) बोलवावी. परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीमागे दर रात्री 10 रिंगिट पर्यटन कर घेतला जातो. आरक्षणाच्या रकमेत तो अनेकदा धरलेला नसतो आणि काउंटरवर वेगळा भरावा लागतो. चिनी नववर्ष आणि थैपुसम या तमिळ सणाच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात, तेव्हा त्या तारखा आधी पाहूनच तिकिटे काढावीत. ड्युरियन या उग्र वासाच्या फळाच्या हंगामात गेलात तर ते रस्त्यावरच खाऊन घ्यावे, कारण बहुतेक हॉटेलांत ते आत आणू देत नाहीत.