नाक कुठे धावतं?

काल भाची नववीचं इंग्रजी घेऊन बसली होती. मध्येच विचारते, "मावशी, नाक धावतं म्हणजे कुठे गं?" वहीत लिहिलेलं होतं, 'माय नोज इज रनिंग'. मला हसू आवरेना.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एकट्या 'रन' क्रियापदाचे 645 अर्थ आहेत. पूर्वी पहिला नंबर 'सेट'चा होता, 1989च्या आवृत्तीत त्याचे 430 होते. मग यंत्रं आली, कंप्यूटर आले, आणि 'रन' पुढे पळाला. इंजिन रन होतं, प्रोग्रॅम रन होतो, दुकान रन करतात, लुगड्याचा रंग धुताना रन होतो. साखर संपली तरी 'रन आउट'च. (क्रिकेटमुळे तिला हे भलतंच वाटलं. डब्यात कोण बाद झालं?)

मला सगळ्यात मजा वाटते ती निवडणुकीची. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. एक पळतो, एक उभा. आपणही 'उभा राहिला'च म्हणतो, पाच वर्षं तो कुठेही बसलेला असो.

भाची म्हणाली, "इंग्रजी वेडीच आहे." मी म्हटलं, आधी आपलं 'लागणं' बघ. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. आणि "गाडी लागली" म्हटलं तर फलाटावर पळायचं की पिशवी शोधायची?

"पिशवी," ती म्हणाली. गेल्या मे महिन्यातला आंबा घाट तिला आठवला असणार.